फॉरमॅट मारण्याआधी



गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न वारंवार येतोय: "लॅपटॉप फार हळू चालतो, फॉरमॅट मारू का?" त्याला कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. स्क्रीनवर सूचना यायला लागल्या आणि कपाटातला सहा-सात वर्षांचा लॅपटॉप अचानक चर्चेत आला. म्हणून आज क्लीन इन्स्टॉलबद्दल, म्हणजे संगणक पूर्ण पुसून त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवण्याबद्दल बोलू.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. नवीन विंडोज बसवायला तासभर लागतो आणि ते काम फारसं अवघड नाही. त्याआधीची तयारी मात्र एक अख्खी संध्याकाळ खाते, आणि चुका होतात त्या तिथेच.

आधी तीन शब्दांतला फरक समजून घेऊ. अपग्रेड म्हणजे जुन्या विंडोजवरच नवं चढवणं. फायली आणि प्रोग्राम जागेवर राहतात, पण जुना बिघाडही राहू शकतो. रिसेट म्हणजे विंडोजने स्वतःलाच पुन्हा बसवणं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे 'रिसेट धिस पीसी' असतं, आणि त्यात तुमच्या फायली ठेवण्याचा पर्यायही मिळतो. क्लीन इन्स्टॉल म्हणजे बाहेरच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, आतली डिस्क रिकामी करायची आणि सगळं पहिल्यापासून मांडायचं. भिंतीवर नुसता रंग मारायचा, की जुना गिलावा खरवडून काढायचा, तसं हे आहे. नुसता हळूपणा असेल तर आधी रिसेट करून बघा. पण व्हायरसची शंका असेल, किंवा दुसऱ्याने वापरलेला लॅपटॉप मुलांसाठी घेतला असेल, तर गिलावाच काढावा.

का, ते समजायला आपल्याला आयर्लंडबाहेर जावं लागत नाही. १४ मे २०२१ च्या पहाटे इथल्या आरोग्यसेवेवर, म्हणजे एचएसईवर, रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशभरातल्या यंत्रणा बंद कराव्या लागल्या, रुग्णालयं कागद-पेनवर आली, आणि डब्लिनच्या रोटुंडा प्रसूती रुग्णालयाने बहुतेक बाह्यरुग्ण तपासण्या रद्द केल्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरी डॉक्टर किंवा नर्स आहेत, त्यांना ते दिवस आठवत असतील. नंतरच्या स्वतंत्र अहवालात कळलं की सुरुवात जवळजवळ दोन महिने आधी झाली होती. १८ मार्चला कुणीतरी ईमेलमधून आलेली एक एक्सेल फाइल उघडली होती. तोवर एचएसईत तीस हजारांहून अधिक संगणक विंडोज ७ वर चालत होते, आणि विंडोज ७ चा नेहमीचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला होता.

हल्लेखोरांनी आठवड्याभरात कुलूप उघडायची किल्ली दिली. तरीही सगळे सर्व्हर पूर्ववत व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. किल्ली हातात असताना चार महिने का? कारण ज्या यंत्रात चोर आठ आठवडे बसून होता, त्यावर लगेच विश्वास ठेवता येत नाही. ते तपासायचं, साफ करायचं, गरज असेल तिथे नव्याने उभं करायचं, आणि मगच जाळ्यात जोडायचं. घरच्या लॅपटॉपलाही हाच नियम लागू आहे.

आता तुमच्या लॅपटॉपला विंडोज ११ चालेल का, ते बघा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही किमान अट आहे. ती बहुतेकांकडे असते. अडतं ते टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरच्या वयावर. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप नेमकं उत्तर देतं. उत्तर 'नाही' आलं तरी घाबरू नका. आयर्लंड युरोपियन आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे इथे विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मोफत मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. नंतर त्याच यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवता येते. ब्राउझर, ईमेल आणि भारतातल्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल, एवढ्याला ती पुरते.

आता तयारी. कागद घ्या आणि लिहून काढा.

पहिलं, फायली. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सगळेच घेतात. विसरतात ते डाउनलोड्स आणि डेस्कटॉप. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेले गणपतीचे व्हिडिओ, पासपोर्ट आणि आयआरपी कार्डाचे स्कॅन, भारतातल्या बँकेचे पीडीएफ, बहुतेक वेळा डाउनलोड्समध्येच पडलेले असतात. "माझं सगळं क्लाउडवर आहे" असं वाटत असेल तर दुसऱ्या यंत्रावरून तिथे लॉगिन करून डोळ्यांनी बघा. कुठले फोल्डर वर जातात हे आपण कधीतरी निवडलेलं असतं आणि नंतर विसरलेलं असतं.

दुसरं, खास आपलं: जुने मराठी फॉण्ट. युनिकोड येण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टमध्ये टाइप होत असे. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, आणि मराठी दिसतं ते फॉण्टमुळे. माझ्या वडिलांनी घराण्याची वंशावळ अशीच टाइप करून पाठवली होती. लॅपटॉप पुसताना मी फाइल जपली, फॉण्ट नाही. नंतर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. सांगलीच्या घरातल्या जुन्या सीडीवर तो फॉण्ट सापडेपर्यंत सहा महिने गेले. तुमच्याकडे अशा फायली असतील तर फॉण्टची प्रत ठेवा, आणि पुसण्याआधी त्या पानांची पीडीएफ करून घ्या.

तिसरं, किल्ल्या. अनेक लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद झालेली असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर लिहून घ्या. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करताना किंवा सुरुवातीच्या सेटिंगमध्ये हात घातल्यावर ती मागितली जाऊ शकते. ब्राउझरमधले पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का, तेही तपासा. इथे कुणाचा स्वतःचा व्यवसाय असेल आणि रेव्हेन्यूच्या 'रॉस' सेवेत डिजिटल सर्टिफिकेट वापरत असाल, तर ते तुमच्या संगणकावरच साठवलेलं असतं. त्याची प्रत आणि पासवर्ड आधी बाहेर काढा, नाहीतर कर भरायच्या आठवड्यात धावपळ होईल.

चौथं, आणि हे टाळू नका: घेतलेला बॅकअप दुसऱ्या संगणकावर लावून चार-पाच फायली उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये. मग ती बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवा. विंडोज बसवताना ती लॅपटॉपला जोडलेली नको, म्हणजे चुकून तीच पुसली जाणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं जाईल, म्हणून रिकामाच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा आणि पेनड्राइव्ह तयार करा. व्हायरसची शंका असेल तर हे काम दुसऱ्या, निरोगी संगणकावर करा. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून वायफायचा ड्रायव्हरही उतरवून ठेवा. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनू उघडा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९.

पहिल्याच पडद्यांवर भाषा आणि कीबोर्ड विचारतात. इथे क्षणभर थांबा. आयर्लंडमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर ॲटचं चिन्ह एंटरच्या जवळ असतं. भारतातून आणलेल्यावर अमेरिकन मांडणी असते, त्यावर ते २ च्या वर असतं. चुकीची मांडणी निवडलीत तर पासवर्डमधलं ॲट उमटेल अवतरणचिन्ह होऊन, आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होणार नाही.

पुढे प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा. त्याच यंत्रावर आधी अस्सल विंडोज चालू असेल, तर इंटरनेट मिळताच परवाना आपोआप ओळखला जातो. आवृत्ती मात्र आधीचीच निवडा: होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. गल्लीतल्या दुकानातून कुणीतरी 'टाकून' दिलेलं विंडोज असेल, तर परवाना ओळखला जाणार नाही. तो खर्च आधीच धरा.

मग डिस्कच्या भागांची यादी येते. यादीच रिकामी दिसली तर डिस्क बिघडली असं लगेच समजू नका. अलीकडच्या काही इंटेल लॅपटॉपना इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. यादी दिसली की डिस्कचा आकार वाचा, आपलीच डिस्क आहे याची खात्री करा, आणि तिच्यावरचे सगळे भाग डिलीट करा. ही परत न फिरण्याची जागा आहे. कागदावरच्या यादीवर एकदा शेवटची नजर टाका. मग उरलेली मोकळी जागा निवडून पुढे जा. विंडोज लागणारे भाग स्वतः पाडून घेतं.

नंतरच्या मांडणीत विंडोज ११ होमला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होतं. मग सगळे अपडेट संपेपर्यंत दोन-तीनदा रीस्टार्ट करा. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि त्यात 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा, म्हणजे इंग्रजी अक्षरांवरून थेट देवनागरी उमटेल. जुन्या फायली एकदम ओतू नका. लागतील तशा आणा, आणि जुन्या डाउनलोड्समधले इन्स्टॉलर तर आणूच नका.

बॅकअपची डिस्क निदान सहा महिने तशीच ठेवा. आपण काय विसरलो हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. ते कळतं कर भरताना, पासपोर्टच्या नूतनीकरणाला, किंवा मुलीच्या वाढदिवसाला जुना फोटो शोधताना.

आणि लॅपटॉप खरंच निवृत्त करायचा असेल, तर डिस्क पुसून तो काउन्टी कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रात द्या. विजेच्या जुन्या वस्तू तिथे मोफत घेतात.

तर येत्या पावसाळी शनिवारी आधी कागद आणि पेन घेऊन बसा. पेनड्राइव्हचं काम रविवारी केलं तरी चालेल.