चुंबक चिकटलं म्हणजे स्टील बनावट? ४३० ग्रेडचं प्रकरण समजून घ्या

भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक लावून स्टील तपासणारे बरेच जण असतात. चिकटलं, की निकाल तयार: 'हे अस्सल नाही!' ४३० ग्रेडच्या बाबतीत हा निकाल साफ चुकतो.

४३० हे अस्सल स्टेनलेस स्टीलच आहे. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तोच गंज रोखतो. महागडं निकेल मात्र यात जवळपास नसतंच. म्हणून ते ३०४ पेक्षा स्वस्त पडतं आणि चुंबकालाही चिकटतं. इंडक्शनवर चालणाऱ्या अनेक भांड्यांच्या तळाला हेच स्टील लावतात, कारण तिथे चिकटणं हाच गुण. शिवाय चमचे, फ्रिजचे दरवाजे, वॉशिंग मशीनचे ड्रम.

गंमत पुढे आहे. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं २०० सीरीजचं स्टील चुंबकाला सहसा चिकटत नाही, पण गंज रोखण्यात ते ३०४ च्या मागे. चुंबकाच्या परीक्षेत मात्र आरामात पास!

४३० चा खरा शत्रू म्हणजे मीठ. समुद्राजवळच्या घराच्या रेलिंगला ते नको. लोणचं तर त्यात साठवूच नका, बारीक खड्डे पडतात.