एकच धागा धरणारं मूल

चुलीवर ताटली वाजली की रांगतं मूल तिकडे वळतं. लाल गाडीचा हॉर्न ऐकला की दारातलं पोर 'बाबा आले' म्हणत धावतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ घडल्या की मन त्यांची गाठ मारतं. रशियातल्या इव्हान पावलोव यांनी हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. खाणं देण्याआधी ठरावीक आवाज केला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटे. याला अभिसंधान म्हणतात. पुढे अमेरिकेतल्या बी. एफ. स्किनर यांनी दुसरी बाजू मांडली. ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं, ती कृती पुन्हा पुन्हा घडते.

स्वमग्न मूल, म्हणजे ऑटिझम असलेलं मूल, असंच शिकतं का? हाक मारली तर ते वळत नाही, नजर देत नाही, तासन्‌तास एकच चाक फिरवत बसतं. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अशा 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून वैद्यकशास्त्र या अवस्थेला नावानं ओळखतं. आपल्या धानोऱ्याकडे मात्र अशा मुलाला कुणी बहिरं म्हणतं, कुणी हट्टी म्हणतं, कुणी बाहेरची बाधा समजून पुजाऱ्याकडे नेतं. 'हे काही शिकायचं नाही' असं एकदा ठरलं की अंगणवाडी सुटते आणि शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षं हातची जातात.

पण ते शिकत नाही, हे खरं नाही. 1994 मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. आधी एक सूर ऐकवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेची हलकी फुंकर सोडायची. थोड्या वेळानं नुसत्या सुरानंच पापणी मिटू लागते. स्वमग्न व्यक्तींनी ही गाठ इतरांपेक्षा लवकर बांधली. फरक होता तो वेळेचा. त्यांची पापणी फुंकर येण्याच्या बरीच आधी मिटे.

दुसरा प्रयोग 1971 मधला, इव्हार लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. प्रकाश, आवाज आणि स्पर्श हे तिन्ही एकदम आले की कळ दाबायची, असं मुलांना शिकवलं. नंतर तिन्ही खुणा वेगवेगळ्या दिल्या. इतर मुलांनी तिन्हींना सारखाच प्रतिसाद दिला. बहुतेक स्वमग्न मुलांनी एकच खूण धरली होती, बाकीच्या जणू नव्हत्याच. पुढच्या एका अभ्यासात मुलगा कोणता आणि मुलगी कोणती हे काही मुलं बाहुल्यांच्या पायातल्या बुटांवरून ओळखत होती. बूट काढले की ओळख गेली.

हे समजलं की पुष्कळ कोडी सुटतात. मुलानं अंगणवाडीताईंना त्यांच्या हिरव्या साडीवरून ओळखलं असेल, तर निळ्या साडीतल्या ताई त्याला परक्या वाटू शकतात. घरी गोंडीतून 'येर' आणि अंगणवाडीत 'पाणी', या दोन शब्दांची जोड इतर मुलं आपोआप लावतात. याला ती सावकाश, प्रत्यक्ष पेला हातात देऊन लावून द्यावी लागते. आई-वडिलांनी स्वतःची भाषा सोडायची मात्र गरज नाही. आणि मूल किंचाळलं की आपण त्याच्या हाती मोबाईल देत असू, तर आपणही एक धडा देत आहोत. किंचाळलं की मोबाईल मिळतो, हा तो धडा.

याच नियमांवर लोवास यांनी उपचारपद्धती उभी केली. 1987 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आठवड्याला 40 तास शिकवलेल्या 19 मुलांपैकी 9 मुलं सर्वसाधारण शाळेत टिकली. या निष्कर्षावर पुढे खूप वाद झाला. शिवाय त्या काळात बक्षिसाबरोबर दरडावणं आणि चापटही होती, आणि 1960 च्या दशकात तर विजेचे झटकेसुद्धा. भीतीचीही गाठ बसते, हे इथे विसरलं गेलं. छडीची गाठ मारणाऱ्याशी बसते, खोलीशी बसते, शाळेच्या वाटेशीही बसते. एकच धागा घट्ट धरणाऱ्या मुलात ती सुटता सुटत नाही. 'आमच्यावर बळजबरीनं नजर द्यायची सक्ती झाली' असं मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक आज सांगतात. त्यांचं ऐकायला हवं.

मग आठवड्याला 40 तास देणारे तज्ज्ञ जंगलभागात आणायचे कुठून? याचं एक उत्तर गोव्यात शोधलं गेलं. 'संगाथ' ही संस्था तिथे आणि सहकारी पाकिस्तानात रावळपिंडीत, अशा दोन ठिकाणी 65 मुलांचा अभ्यास झाला. 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला. विशेषज्ञ नसलेले प्रशिक्षित आरोग्यसेवक पालकांबरोबर बसत. आई-मूल खेळतानाचं चित्रीकरण दोघं मिळून पाहत. मूल कशाकडे बघतं, त्यावर आईनं बोलावं, घाई करू नये, हे त्यातून उमगे. आईचा सूर मुलाशी जुळू लागला आणि मूल आपणहून संवाद सुरू करू लागलं. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देणं काहीसं कमी झालं. तरी गावातली माणसं हे काम शिकू शकतात, हे दिसलं.

आपल्या तालुक्याला हे नवं वाटायला नको. चातगावजवळच्या 'सर्च'नं गावातल्या बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांतल्या त्या कामाचा अहवाल 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जिथे बाळं वाचवायला शिकता येतं, तिथे त्यांना समजून घ्यायलाही शिकता येईल.

घरी काय करावं? मुलाच्या आवडीपासून सुरुवात करावी. चाक आवडतं ना, मग 'दे' हा शब्द चाकाबरोबरच शिकवावा, आणि त्यानं प्रयत्न करताच चाक लगेच हातात द्यावं. तोच शब्द मग अंगणात, आजीकडे, बाजारात वापरावा. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी आणि मारू नये.

1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. 2016 च्या कायद्यानं तिला स्थान दिलं, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलती मागता येतात. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं. दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, तर पथकातल्या डॉक्टरांना ते त्याच दिवशी सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)