अहवालातल्या १०८ चे पुढे काय?

वार्षिक तपासणीचे पॅकेज घेतले की संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते. उपाशीपोटीची साखर १०८, शेजारी ठळक ‘एच’. घरात त्यावर दोनच प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणते, ‘‘बॉर्डरलाइन आहे, एवढे काय!’’ आणि कुणी त्याच दिवसापासून चहातली साखर बंद करून टाकते. पहिल्याला चिंता नाही, दुसऱ्याला आहे. पण दोघांचाही अहवाल डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच, की सीमेवरचा आकडा एकटा असताना फारच थोडे सांगतो. त्याला अर्थ येतो तो पुढच्या तपासणीने. ती तपासणी कोणती, किती दिवसांनी आणि कोणत्या पार्श्वभूमीवर वाचायची, हे प्रयोगशाळेचा छापील तक्ता ठरवू शकत नाही. भारतीयांच्या बाबतीत तर हा दुसरा टप्पा लांबणीवर टाकणे जास्त महागात पडते, आणि त्याला भक्कम पुरावा आहे.

आधी आकडे. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीए१सी ६.५ किंवा अधिक, या मधुमेहाच्या रेषा आहेत. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर निदान करत नाहीत, दुसरा पुरावा मागतात. त्याखालचा पट्टा म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था: ग्लुकोजनंतर १४० ते १९९, एचबीए१सी ५.७ ते ६.४. उपाशीपोटीच्या खालच्या रेषेवर मात्र तज्ज्ञांतच मतभेद आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ मध्ये ती ११० वरून १०० वर आणली, जागतिक आरोग्य संघटना ११० वरच थांबली. म्हणजे आपला १०८ एका मोजमापाने सीमेच्या आत आणि दुसऱ्या मोजमापाने बाहेर. शिवाय तोच माणूस, तीच प्रयोगशाळा, तरी आज १०८ आणि पुढच्या आठवड्यात ९९ येऊ शकते. आदल्या रात्रीचे जागरण, अंगातला ताप, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी चालू असलेले स्टिरॉइड, उशिरा झालेले लग्नाचे जेवण, यांपैकी काहीही आकडा वर ढकलते. उलटही होते: नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, त्यामुळे घरून घेतलेला नमुना उन्हात फिरत दुपारी यंत्रापर्यंत पोहोचला तर साखर खरी होती त्यापेक्षा कमी दिसते. पुन्हा तपासून घ्यायचे ते यासाठी. पहिल्या आकड्याने घाबरून जाण्यात जितका अर्थ नाही, तितकाच त्याच्यावर निर्धास्त होण्यातही नाही.

एचबीए१सी म्हणजे ‘तीन महिन्यांची सरासरी’, तिथे लपवाछपवी चालत नाही, असा या तपासणीचा लौकिक आहे. बऱ्याच अंशी तो खरा आहे, पण ती मोजली जाते हिमोग्लोबिनवर. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असेल तर हा आकडा साखर न वाढताही फुगलेला येऊ शकतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत पंडुरोग आढळला. अशा राज्यात ५.९ हा आकडा हिमोग्लोबिन न पाहता वाचणे म्हणजे अर्धाच अहवाल वाचणे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या जिल्ह्यांत तर ही तपासणी फसवीच ठरू शकते. दुसरी गोष्ट ‘पीपी’ची. आपल्याकडे ‘जेवून दोन तासांनी या’ असे सांगतात. कुणी दोन पोळ्या-भाजी खाऊन येतो, कुणी साखर कमी यावी म्हणून मुद्दाम अर्धाच घास खातो. प्रमाणित चाचणी वेगळी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचे. अनेक भारतीयांची उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि बिघाड दिसतो तो दोन तासांनंतर. नुसत्या फास्टिंगवर विसंबणाऱ्यांना तो कळतच नाही. घरचा ग्लुकोमीटर मधुमेह असलेल्यांना रोजचा कल दाखवायला उत्तम, पण त्याला १५ टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य असते. सीमारेषेवरचे निदान त्याच्यावर सोपवता येत नाही.

आता मूळ प्रश्न: घाई कशासाठी? अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंधक अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, काहीही विशेष उपाय न केलेल्या गटातले साधारण २९ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ जणांवर असाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे हे प्रमाण ५५ टक्के होते. अमेरिकेतली माणसे बरीच स्थूल होती, सरासरी बीएमआय ३४. चेन्नईतली २६ च्या आतली. म्हणजे कमी वजनाची माणसे जवळजवळ दुप्पट वेगाने मधुमेहाकडे सरकली. चेन्नईतच ज्यांना रोज चालायला लावले, आहार बदलून दिला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले, तेही वजन फारसे न घटता. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला आणि दोन्ही एकत्र केल्याने अधिकचे काही हाती लागले नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ चे निष्कर्ष सांगतात की १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. हेही ११० ची सैल रेषा धरून. मधुमेहाच्या प्रमाणात २६.४ टक्क्यांसह गोवा देशात सर्वांत पुढे होता.

‘मी तर सडपातळ, मला कशाला होईल?’ या शंकेचे उत्तर पुण्यातच मिळालेले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी दडलेली असते, विशेषतः पोटात, हे त्या एका चित्राने जगाला पटवले. गंमत अशी, की याच युडकिन यांनी दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, व्हिक्टर मॉन्टोरी यांच्यासह ‘बीएमजे’त मधुमेहपूर्व या निदानावरच सडकून टीका केली. नव्या रेषा लावल्या तर चीनमधले निम्मे प्रौढ मधुमेहपूर्व ठरतात. एवढ्या माणसांना रुग्णाचे लेबल चिकटवून, औषध कंपन्यांना गिऱ्हाईक मिळवून देऊन काय साधणार, हा त्यांचा सवाल. तो झटकून टाकण्यासारखा नाही. यातले अनेक जण कधीच मधुमेही होणार नाहीत, काहींची साखर आपोआप पूर्ववत होईल. पण या टीकेतून ‘अहवाल फाइलीत ठेवून द्या’ असा निष्कर्ष निघत नाही. उलट, ज्यांना खरा धोका आहे त्यांना इतरांपासून वेगळे काढण्याची गरज त्यातून अधोरेखित होते, आणि ते काम पाठपुराव्याशिवाय होत नाही. उदाहरण द्यायचे तर, चेन्नईतल्याच आणखी एका अभ्यासात ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली होती त्यांना जीवनशैली बदलाचा फायदा बाकीच्यांपेक्षा बराच कमी झाला. १०८ वाला कोणत्या गटात बसतो, हे ग्लुकोजची चाचणी केल्याशिवाय कसे कळणार?

मधुमेह टळत नाही, नुसता लांबतो, असाही एक आक्षेप असतो. लांबणे ही किरकोळ गोष्ट मानणाऱ्यांनी चीनमधल्या दाचिंग शहराचा अभ्यास पाहावा. १९८६ मध्ये तिथे सहा वर्षे आहार-व्यायामाचा कार्यक्रम राबवला, गोळ्या नाहीत; तीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या गटात मधुमेह सुमारे चार वर्षे उशिरा आला होता आणि हृदयविकाराचे मृत्यूही कमी होते. ‘डॉक्टरकडे गेले की गोळी सुरू होणार’ ही भीती त्यामुळे बरीचशी अनाठायी आहे. गोळीचा विचार होतो तो मुख्यतः तरुण, जास्त वजनाच्या, पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोहोचलेल्या किंवा गरोदरपणी साखर वाढलेल्या लोकांसाठी. बाकीच्यांशी डॉक्टरने बोलायचे ते रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर (पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत), घरातला मधुमेह, झोप, चालू औषधे यांवर, आणि निदान वर्षातून एकदा पुन्हा तपासण्यावर. आपले घरगुती उपाय इथेच फसतात: साखरेऐवजी गूळ, उपासाला साबुदाण्याची खिचडी, सकाळी कारल्याचा रस, पण ताटातला भात तेवढाच. महाराष्ट्रात लोकप्रिय झालेल्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीतही सुरुवातीला एचबीए१सी आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासायला सांगितले जाते; लोक नेमकी तीच पायरी गाळतात. खर्चाची अडचण खरी आहे, पण तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाबाची पहिली चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते, आणि वर्षभर पॅकेजे घेत राहण्यापेक्षा एकदा योग्य चाचणी करून घेणे स्वस्तच पडते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रियांकडे. बाळंतपणानंतर ती बहुतेकदा उतरते, आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण पुढे मधुमेह होण्याचा त्यांचा धोका इतर मातांच्या सात ते दहापट असतो. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची चाचणी करावी, असे सरकारी मार्गदर्शिकाच सांगते. बाळाच्या पहिल्या पेंटाव्हॅलंट लसीची तारीखही सहाव्याच आठवड्यातली. ती तारीख घरातले कुणी चुकवत नाही. आईला त्या दिवशी उपाशीपोटी नेऊन, लस टोचून झाल्यावर बाळाला आजीकडे देऊन तिला दोन तास तिथेच बसवले, तर वेगळी खेप लागणार नाही.