न खाणाऱ्या अळीचा श्वास

उस्मानाबादी शेळीच्या मूळ प्रदेशात लातूर आणि तुळजापूर यांच्याबरोबर उदगीर तालुक्याचीही गणना होते, आणि पावसाळ्यात शेळ्यांच्या कळपांना खंगवणाऱ्या जंतांमध्ये हिमॉन्कस हा रक्त शोषणारा जंत विशेष घातक मानला जातो. शेळीच्या चौथ्या पोटात राहणारी त्याची एक मादी दिवसाला ५,००० हून अधिक अंडी घालू शकते; ही अंडी लेंड्यांतून बाहेर पडून ओलाव्यात उबतात, आणि त्यांतून निघालेली अळी लेंडीतील जिवाणू खाऊन वाढत तिसऱ्या अवस्थेत पोहोचते. या अवस्थेत मागची कात गळून न पडता आवरण म्हणून अंगावरच राहते व तोंड त्यात बंद होते. जेमतेम पाऊण मिलिमीटर लांबीची ही अळी त्यानंतर गवताच्या पात्यावर चढून शेळीच्या तोंडात जाण्याची वाट पाहते, आणि तोवर आतड्याच्या पेशींत साठवलेली चरबी हीच तिची शिदोरी असते.

ही चरबी किती वेगाने संपते, हे चयापचयावर, म्हणजे अन्नातील ऊर्जा मोकळी करून शरीर चालवणाऱ्या रासायनिक क्रियांच्या वेगावर, अवलंबून असते. चरबी जाळण्यास प्राणवायू लागत असल्याने तो किती खर्च झाला हे मोजले की हा वेग कळतो. अडचण आहे ती अळीच्या आकाराची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी १९३७ मध्ये त्यावर सुंदर तोड काढली: द्रवात तरंगणाऱ्या इवल्याशा काचेच्या कुपीत जीव आणि हवेचा बुडबुडा बंद करायचा, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषू द्यायचा, आणि प्राणवायू खर्च होऊन बुडबुडा आकसल्याने कुपी बुडू लागली की बाहेरचा दाब कमी करून तिला ठरलेल्या खुणेवर आणायचे. दाब किती कमी करावा लागला, यावरून प्राणवायूचा खर्च निघतो.

आता प्राणवायूच्या प्रमाणानुसार ज्यांची चकाकी कमीजास्त होते अशी रंगद्रव्ये लावलेल्या सूक्ष्म खळग्यांत हेच मोजमाप होते, तरी जुनी सावधगिरी सुटलेली नाही. अळ्यांबरोबर आलेले जिवाणूही श्वसन करतात, त्यामुळे अळ्या वारंवार धुऊन घ्याव्या लागतात आणि एका खळग्यात अळ्यांविना तेच पाणी ठेवून त्याचा आकडा वजा करावा लागतो. अळी निश्चल होती की वळवळत होती, याचीही नोंद लागते, कारण हालचालीने खर्च वाढतो.

तापमानाचा परिणाम तर फार मोठा असतो. सोसण्याच्या मर्यादेत १० अंश वाढले की अशा जीवांचा चयापचय साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणून ओलावा पुरेसा असला तरी उष्ण हवेत अळीची चरबी लवकर आटते आणि मोकळे ठेवलेले कुरण लवकर निर्धोक होते. थंड देशांतील मोजमापांवरून उदगीरच्या माळरानावर चराई किती दिवस थांबवावी हे ठरवणे म्हणूनच योग्य नव्हे. उदगीरमध्येच पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे स्थानिक अळ्यांचे श्वसन स्थानिक तापमानात मोजले जावे आणि त्याचे आकडे शेळीपालकांपर्यंत पोहोचावेत.