गार पोलादाचा हट्ट

संपादकांनी चाकणच्या नव्या कारखान्यांवर लिहायला पाठवलं होतं. वाटेत भोसरीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये शिरलो आणि दिवस तिथंच गेला.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-भोसरीत शेड उभ्या राहिल्या, पुढं चाकण भरलं. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. या पट्ट्यात बोल्ट, पिना, रिव्हेट पोलाद न तापवता, गारच दाबून घडवतात. प्रेस किती टनी लागेल, डाय टिकेल का, हे ठरवायला पोलाद किती अडून बसतं ते आधी मोजावं लागतं.

खिडकीपाशी इचलकरंजीच्या बनावटीचं यूटीएम, म्हणजे धातू ओढून-दाबून पाहायचं यंत्र होतं. ते चालवणारे काका १० मिलिमीटर व्यासाचा, १५ मिलिमीटर उंचीचा तुकडा तीन जागी मायक्रोमीटरनं मोजत होते. ओढून का पाहत नाही, असं मी विचारलं. ओढलं तर वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास तुकडा एका जागी बारीक होतो, त्याला मान पडते आणि पुढचं गणित बिघडतं. बोल्टचं डोकं बसताना पोलाद त्याच्या कितीतरी पुढं जातं. म्हणून दाबायचं.

दबता दबता धातू किती कडक होतो, याचं हॉलोमननं १९४५ साली मांडलेलं सूत्र सोपं आहे: ताण म्हणजे के गुणिले विकृतीचा एन-वा घात; के आणि एन ज्या त्या धातूचे. मऊ केलेल्या कमी कार्बनच्या पोलादाला के ५३० मेगापास्कल आणि एन ०.२६ धरा. २०० मेगापास्कलला ते नमू लागलं, तर आमचा तुकडा सुमारे १.६ टनांवर हलतो. निम्म्या उंचीला आणायला घर्षण सोडून ७.७ टन लागतात. जवळजवळ पाचपट! त्यातली दुप्पट रुंदावलेल्या छेदाची, उरलेली अडीचपट धातूच्या स्वतःच्या हट्टाची. मला हे फार सुंदर वाटलं.

पण ‘घर्षण सोडून’ हे कागदावर. प्लेटनला, म्हणजे यंत्राच्या दाबणाऱ्या सपाट तबकांना, चिकटलेली टोकं पसरत नाहीत, पोट पसरतं, तुकडा पिंपासारखा फुगतो आणि आकडा खोटाच चढतो. काका टेफ्लॉनचा पातळ पापुद्रा लावतात. दाब वाढला की तोही फाटतो. दोन्ही टोकांना उथळ खळगी करून वंगण भरण्याची रास्तेगाएवची रीत आहे, पण तसे तुकडे वळवायला लेथवर वेळ जातो. शिवाय इथं दाबायला मिनिटं लागतात, तर बोल्टचं डोकं घडवणारं हेडिंग मशीन क्षणार्धात दाबतं आणि त्या धक्क्यानं पोलाद तापतं, थोडं मऊही पडतं. मालाच्या सर्टिफिकेटवर यातलं काहीच नसतं, याची मला काळजी वाटते.

त्या दिवशी काकांनी कुक आणि लार्क यांची रीत धरली होती: एकाच व्यासाचे, वेगवेगळ्या उंचीचे चार तुकडे दाबायचे आणि घर्षण शून्य असतं तर काय, ते आलेखावरून काढायचं. तीन नीट बसले. सगळ्यात उंच तुकडा मधेच तिरका झाला. काकांनी त्यावर खडूनं फुली मारली आणि नवा वळवून आणायला पोराला लेथवर पाठवलं.