क्लेअरांची वाटणी

२४ जून १३१४. बॅनकबर्नच्या लढाईत ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर स्कॉटिश भालेकऱ्यांवर तुटून पडला आणि मारला गेला. वय अवघं २३, पोटी मूलबाळ नाही. मागे उरल्या इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये पसरलेल्या जमिनी. वार्षिक उत्पन्न सुमारे ६,००० पौंड.

विधवा मॉडने आपल्याला दिवस गेल्याचं सांगितलं. दोन वर्षं उलटली तरी तिचा दावा कायम होता आणि वाटणी खोळंबलेली!

मुलगा असता तर थोरल्यालाच सगळं मिळालं असतं. मुलगा नसल्यास स्त्री-वारसांना समान हिस्सा, हा तिथला कायदा. त्यानुसार १३१७ मध्ये तीन सख्ख्या बहिणींत वाटे पडले. एलिनॉरला ग्लॅमॉर्गन मिळालं, वडिलांनी बांधलेल्या केरफिलीच्या बलाढ्य किल्ल्यासह. तिचा नवरा ह्यू डिस्पेन्सर तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मेव्हणी मार्गारेटच्या वाट्याचं न्यूपोर्ट बळकावलं. १३२१ मध्ये वेल्सच्या सीमेवरच्या सरदारांनी त्याचा मुलूख लुटला, जाळला. १३२६ मध्ये तो हेरफर्डला फासावर गेला.

धाकटी एलिझाबेथ सत्ताविशीच्या आतच तिसऱ्यांदा विधवा झाली. नंतर तिने लग्न केलं नाही, इस्टेट खंबीरपणे सांभाळली. केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजला तिनेच जमिनी दिल्या आणि १३५९ मध्ये नियमावलीही घालून दिली.