कांडीतलं अँटिऑक्सिडंट: खरं किती, ऐकीव किती

कळंब्याच्या गोठ्यापासून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यापर्यंत म्हशीचा विषय निघाला की कोल्हापूरकराला वेळेचं भान राहत नाही. त्यात म्हैस दोनदा उलटलेली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहिलेली असेल तर सल्ल्यांना तोटा नसतो. गोठवलेल्या वीर्याची कांडी जुनी असणार, अँटिऑक्सिडंट घातलेली मागवा, हाही त्यातलाच एक. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते भलत्या जागी लावलेलं.

कंटेनरमध्ये पडून राहिल्याने वीर्य शिळं होतं, हा मोठा गैरसमज. द्रवरूप नत्रात तापमान उणे 196 अंश सेल्सिअस असतं आणि तिथे रासायनिक क्रिया जवळपास थांबलेल्या असतात. ऑस्ट्रेलियात 1968 साली गोठवलेलं मेंढ्याचं वीर्य 50 वर्षांनी वापरलं, तेव्हा 56 पैकी 34 मेंढ्या गाभण राहिल्या.

नुकसान होतं ते गोठवताना आणि पुन्हा वितळवताना. तेव्हा ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि शुक्राणूच्या आवरणातल्या असंतृप्त मेदावर तुटून पडतात. रेड्याच्या शुक्राणूत असा मेद भरपूर, म्हणून तो अधिक नाजूक. शुक्राणूत पेशीद्रव जेमतेम असल्याने बचावाची स्वतःची सोयही तुटपुंजी. वीर्यद्रवात निसर्गाने दिलेली अँटिऑक्सिडंट असतात खरी, पण एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या करायच्या म्हणून ते पातळ केलं की तीही विरळ होतात. ही उणीव भरून काढायला प्रयोगशाळेत अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात ग्लुटाथायोन, ई जीवनसत्त्व यांसारखे पदार्थ मिसळून पाहिले जातात. हे काम पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा उरुळी कांचनसारख्या वीर्यकेंद्रांचं. कांडी एकदा सीलबंद झाली की गोठ्यावर त्यात काही घालता येत नाही. म्हशीला चारलेलं ई जीवनसत्त्व तिच्या तब्येतीसाठी असतं. त्याने कांडीतला शुक्राणू वाचत नाही.

मग जास्त घातलं तर जास्त फायदा? उलट. फलनासाठी सज्ज होताना शुक्राणूला त्याच उपद्रवी रेणूंची थोडी गरज लागते. ते पार पुसून टाकले तर बीजापर्यंत पोहोचूनही तो निकामी ठरू शकतो. क जीवनसत्त्व तर लोहाच्या संगतीत नुकसानच वाढवू शकतं. मात्रा नेमकी लागते.

आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे गाभण राहण्याची हमीही नव्हे. आपल्याकडे 0.25 मिलीच्या कांडीत किमान 2 कोटी शुक्राणू असावेत आणि वितळवल्यावर निदान निम्मे हलते असावेत, असा दंडक आहे. अनेक प्रयोगांत अँटिऑक्सिडंटमुळे हालचाल सुधारलेली दिसली, पण सूक्ष्मदर्शकाखालची हालचाल आणि गोठ्यातली गर्भधारणा यांत बरंच अंतर आहे. मेलेला शुक्राणू त्याने जिवंत होत नाही.

माझ्या मते गोठ्यावरच्या चुका याहून महाग पडतात. नत्राची पातळी खाली गेली, कांडी शोधताना कॅनिस्टर बराच वेळ कंटेनरच्या तोंडाशी धरला, ती 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट न ठेवता मुठीत चोळली, की वीर्यकेंद्रातली सगळी मेहनत तिथेच संपते. उन्हाळ्यात म्हशीचा मुका माजही हमखास चुकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि कांडी टाकून देण्याआधी तिच्यावरचा रेड्याचा क्रमांक व तारीख वहीत टिपून ठेवा. म्हैस पुन्हा उलटलीच तर डॉक्टरांना आधी तेच दाखवा.